दुर्मीळ आडनावाचा उगम, संख्या आणि विस्तार कसा शोधावा

जाधव, शिंदे किंवा कुलकर्णी अशा आडनावांच्या नोंदी इतक्या ठिकाणी विखुरलेल्या असतात की त्यांतून एका घराण्याचा माग काढणे फार कठीण जाते. ज्या आडनावाची माणसे उभ्या पुण्यात शे-दोनशेच सापडतात, त्याचे तसे नसते. तेथे बहुतेक प्रत्येक नोंद तपासता येते, प्रत्येक कुटुंबाचे मूळ गाव विचारता येते आणि काही महिन्यांच्या चिकाटीच्या कामातून आडनावाचा नकाशा उभा राहतो. मात्र आडनाव कोठून आले, ते किती लोकांचे आहे आणि ते लोक कोण व कोठे आहेत, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची साधनेही वेगळी आहेत आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला चिकटवल्यामुळेच या विषयात सर्वाधिक गैरसमज पसरले आहेत.

प्रथम आडनावाची सर्व रूपे जमवावीत

शोधाला बसण्यापूर्वी आडनाव किती प्रकारे लिहिले गेले असेल, याची यादी करावी. फडणीस आणि फडणवीस, मुजुमदार आणि मुझुमदार ही रूपे सर्वांच्या परिचयाची आहेत. दुर्मीळ आडनावांत असे फरक अधिक आढळतात, कारण लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानाला ते नाव सवयीचे नसते. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, त्यामुळे मोडीतून बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरताना एकाच नावाची दोन नावे होऊ शकतात. इंग्रजी अक्षरांतून देवनागरीत परत आणलेल्या नावात त आणि ट, द आणि ड, न आणि ण यांची अदलाबदल होते. संगणकाधारित याद्यांत शोधताना ही सगळी रूपे स्वतंत्रपणे शोधावीत आणि कोणते रूप कोठे सापडले, हे जसेच्या तसे टिपून ठेवावे. नोंद उतरवतानाच ती ‘शुद्ध’ करण्याचा मोह टाळावा. पुढे हेच फरक घराण्याच्या दोन शाखा ओळखायला उपयोगी पडतात.

आडनावाचा प्रकार ठरवावा, पण तेथेच थांबू नये

मराठी आडनावे ढोबळमानाने गावावरून, वतनावरून, हुद्द्यावरून, व्यवसायावरून किंवा एखाद्या पूर्वजाच्या गुणावरून अथवा प्रसंगावरून पडलेली आहेत. शेवटच्या प्रकाराविषयी घरोघरी सुरस कथा असतात. त्या लिहून घ्याव्यात, पण पुरावा म्हणून वापरू नयेत.

गावावरून पडलेल्या ‘कर’कारान्त आडनावांचा एक विशेष नीट समजून घेतला पाहिजे. सारे गाव शिरवळचेच असेल, तर कोणाला शिरवळकर म्हणून वेगळे ओळखण्याची गरज पडत नाही. तो माणूस पुण्याला, साताऱ्याला किंवा बडोद्याला गेला म्हणजे तेथील लोक त्याला शिरवळकर म्हणू लागतात. म्हणून अशा आडनावाची माणसे त्या गावात मुळीच न सापडणे हा उगमाविरुद्धचा पुरावा ठरत नाही. शिरवळ, सासवड, जुन्नर अशा ठळक नावांच्या बाबतीत गाव ओळखणे सोपे आहे. वडगाव, पिंपळगाव, निमगाव ही नावे मात्र जिल्ह्याजिल्ह्यांत अनेक ठिकाणी आहेत. अशा वेळी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतील गावांची यादी घेऊन संभाव्य गावे एकेक करून तपासावी लागतात. यादीत गाव न सापडल्यास ते बेचिराख झाले असेल किंवा धरणाखाली गेले असेल, हेही लक्षात ठेवावे. मुळशी खोऱ्यातील गावे 1920 च्या दशकात धरणासाठी उठली आणि पुढे उजनी व कोयनेच्या पाण्यानेही अनेक गावे हलवली. अशी नावे जुन्या नकाशांत व 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटियरात शोधावीत.

हुद्द्यावरून आलेल्या आडनावांची अडचण याच्या उलट आहे. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी नेमलेले असत. किल्ले अनेक होते, म्हणून सबनीसही अनेक झाले, आणि आज हे आडनाव लावणारी दोन घराणी एकमेकांशी रक्ताने जोडलेली असतीलच असे नाही. वाकनीस, पोतनीस, पारसनीस, डबीर यांनाही हाच नियम लागू होतो. आडनाव दुर्मीळ आहे एवढ्यावरून त्याचा मूळपुरुष एकच होता, असे म्हणता येत नाही.

आडनाव बदलले असण्याची शक्यता गृहीत धरावी

पुण्याचाच इतिहास पाहिला, तर हे किती सर्रास घडत होते ते कळते. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. फडणिशीच्या कामामुळे ते फडणवीस झाले. पेशव्यांचे मूळ आडनाव भट. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचे घराणे मूळचे सिद्धये, देशमुखी वतनामुळे त्यांचे आडनाव पालटले. महात्मा जोतीराव फुले यांचे पूर्वज सातारा जिल्ह्यातील कटगुणचे गोऱ्हे; पुण्यात पेशव्यांच्या पदरी फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव रूढ झाले. ही चारही उदाहरणे कागदोपत्री प्रसिद्ध आहेत म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. सामान्य घराण्यांतही असे बदल झाले, पण त्यांची चर्चा झाली नाही. तेव्हा एका विशिष्ट पिढीच्या मागे आडनाव अचानक नाहीसे झाले, तर घराणे संपले असे न समजता त्याच गावात, त्याच पूर्वजाच्या नावाने, दुसरे आडनाव शोधावे.

घरापासून मागे जावे

उगमाचा शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. एखाद्या प्रसिद्ध ऐतिहासिक पुरुषापासून सुरुवात करून त्याला आपल्यापर्यंत ओढत आणणे हा संशोधनाचा मार्ग नव्हे. प्रथम वडील, आजोबा आणि पणजोबा यांची पूर्ण नावे, गावे आणि अंदाजे जन्मवर्षे लिहावीत. त्यानंतर शाळेच्या जनरल रजिस्टरातील उतारा मिळवावा, कारण त्यात जन्मस्थळ आणि जात नोंदलेली असते. गावाकडे जमीन असेल, तर सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि विशेषतः फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, पाहावेत. फेरफाराची एक नोंद म्हणजे बहुधा दोन पिढ्यांचा दुवा असतो: खातेदार अमुक मयत, वारस मुलगे अमुक, विधवा अमुक. जुन्या फेरफारांत खातेदाराचे नाव ‘सखाराम बिन धोंडजी’ किंवा ‘वलद धोंडजी’ (म्हणजे धोंडजीचा मुलगा) असे, आडनावाविनाच आढळते आणि पुढच्या वारसनोंदीत त्याच्या मुलांपुढे आडनाव प्रथमच दिसते. जेथे हा बदल दिसतो, तेथे वर्ष आणि फेरफार क्रमांक ठळकपणे टिपावा. आडनाव सरकारी कागदावर केव्हा स्थिरावले, याचा इतका थेट पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळतो.

पुणे जिल्ह्यासह अनेक जिल्ह्यांतील जुने महसुली अभिलेख आता ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही असलेले कोतवाल बुक, मागावे. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा आहे. त्याआधीच्या ग्रामीण जन्म-मृत्यूंसाठी कोतवाल बुकासारखे साधन नाही. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधाच्या निमित्ताने असे पुष्कळ जुने कागद बाहेर काढून तपासले गेले, त्यामुळे कार्यालयातील कर्मचाऱ्यांनाही ही दफ्तरे आता अधिक परिचित आहेत.

कागद संपतात तेथे तीर्थक्षेत्रे उपयोगी पडतात. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या यजमानांच्या नोंदी गावानुसार व आडनावानुसार जपलेल्या असतात. जाताना मूळ गावाचे नाव आणि आजोबा-पणजोबांची नावे सोबत न्यावीत. कुलदैवतही दिशा दाखवते. पुण्यात अनेक पिढ्या राहिलेल्या घराचे कुलदैवत गुहागरचा व्याडेश्वर असेल, तर शोध कोकणाकडे वळवणे योग्य ठरते. कुलदैवत जेजुरीचा खंडोबा असेल, तर मात्र एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही, कारण त्याचे उपासक साऱ्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही आहेत.

पुण्यातील दफ्तरांचा लाभ घ्यावा

पेशवेकाळापर्यंत जाण्याची इच्छा असलेल्यांचे पुण्यात मोठे भाग्य आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत आणि त्यांतील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली 45 खंडांत प्रसिद्ध झाले आहेत. वि. का. राजवाडे आणि खं. चि. मेहेंदळे यांनी 1910 मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा कागदसंग्रह आहे. प्रथम छापील खंडांच्या सूचींत आडनावाची सर्व रूपे आणि मूळ गाव ही दोन्ही पाहावीत. मूळ रुमालांकडे त्यानंतरच वळावे. मोडी येत नसेल, तर ती शिकावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण दुसऱ्याकडून वाचून घेताना आपल्याला हवी असलेली ओळ नेमकी सुटून जाते.

तारखा उलगडण्याची पद्धतही आधीच जाणून घ्यावी. जुन्या कागदांत शक, फसली (महसुली) आणि सुहूर अशा वेगवेगळ्या कालगणना आढळतात. शकात 78, फसली सनात 590 आणि सुहूर सनात 599 मिळवले म्हणजे इसवी सन येतो. वर्षारंभ वेगळे असल्याने त्या वर्षाच्या 1 जानेवारीनंतरच्या भागासाठी आणखी एक मिळवावा लागतो. सुहूर सन बहुधा आकड्यांत नव्हे, तर अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात 1161. सुहूर वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल म्हणतात. हे साल 1760 च्या जूनच्या सुमारास सुरू झाले आणि पानिपतची लढाई याच सालात पडते.

संख्या मोजताना

जनगणनेत आडनावांची मोजणी प्रसिद्ध होत नाही आणि 1948 च्या जनगणना अधिनियमानुसार व्यक्तीची नोंद गोपनीय असते. म्हणून एखाद्या आडनावाची नेमकी सरकारी संख्या उपलब्ध नाही. जगभरातील आडनावांची संख्या सांगणारी संकेतस्थळे जे आकडे देतात, ते अंदाज आहेत आणि दुर्मीळ आडनावांच्या बाबतीत ते फार चुकू शकतात. आपल्याकडील सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे मतदार यादी. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ती विधानसभा मतदारसंघ व यादी भागानुसार मिळते. पुणे जिल्ह्यात असे 21 मतदारसंघ आहेत. दुसरे साधन महाभूलेख, म्हणजे जमिनीचे उतारे दाखवणारे शासकीय संकेतस्थळ. तेथे जिल्हा, तालुका आणि गाव निवडल्यावर गट क्रमांकाऐवजी आडनावानेही शोध घेता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गावोगावच्या खातेदारांतील आडनावाचा विस्तार पाहण्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

नुसत्या संख्येवरून मात्र निष्कर्ष काढू नये. समजा, 30 लाख मतदारांच्या शहरात एका आडनावाचे 90 मतदार आहेत आणि 2 लाख मतदारांच्या एका तालुक्यात 30 आहेत. शहरातील संख्या तिप्पट असली, तरी दर लाखी प्रमाण शहरात 3 आणि तालुक्यात 15 येते. दाटी तालुक्यात आहे, म्हणून उगमाचा शोध तेथे घ्यावा. 2011 च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94,29,408 होती आणि तीत राज्याच्या सर्व भागांतून आलेली माणसे होती. पुण्यात एखादे आडनाव संख्येने अधिक दिसले, तर त्याचे कारण बहुधा नोकरी आणि शिक्षण हे असते.

गावाकडे आणि शहरात अशा दोन्ही ठिकाणी नाव असलेले मतदार असतात. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि वय जुळवून अशी दुबार नावे वगळावीत.

लोकसंख्येचे स्वरूप वाचताना

मतदार यादीत 18 वर्षांखालील कोणी नसते, हे उघड आहे. स्त्रियांविषयीची मर्यादा अधिक महत्त्वाची असूनही तिच्याकडे नेहमी दुर्लक्ष होते. यादीतील आडनावधारी स्त्रियांत सुना येतात, तर विवाहानंतर आडनाव बदललेल्या लेकी गळून पडतात. त्यामुळे ‘हे आडनाव लावणारे किती’ आणि ‘या घराण्यात जन्मलेले किती’ यांची उत्तरे वेगवेगळी येतात. दुसरे उत्तर हवे असेल, तर प्रत्येक कुटुंबाशी बोलून लेकींची नावे मुद्दाम घ्यावी लागतात. जुन्या छापील कुलवृत्तांतांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीच्या ग्रंथांत, लेकींची नोंद अनेकदा नुसत्या संख्येपुरती असते. नव्याने काम करणाऱ्याने ती उणीव पुढे चालवू नये.

आडनावावरून जात ठरवणेही टाळावे. पाटील, चौगुले, देशमुख, पवार ही आडनावे अनेक समाजांत आहेत आणि दुर्मीळ आडनावही दोन समाजांत स्वतंत्रपणे रूढ झालेले असू शकते. देवक (लग्नात पुजले जाणारे कुलचिन्ह), गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव यांपैकी काय काय जुळते, ते कुटुंबनिहाय लिहिले म्हणजे एका आडनावाखाली किती स्वतंत्र घराणी आहेत, हे स्पष्ट होते.

नोंदवही कशी ठेवावी

प्रत्येक नोंदीसाठी आडनाव मूळ कागदावर जसे आहे तसे, व्यक्तीचे नाव, नाते, गाव किंवा पेठ, तालुका, वर्ष आणि कागदाचा पूर्ण तपशील असे रकाने ठेवावेत. जी गावे तपासली पण जेथे आडनाव सापडले नाही, त्यांचीही तारखेसह वेगळी यादी करावी, नाहीतर पुढचा माणूस तेच काम पुन्हा करील. पुण्यात नदीकाठच्या पेठांत राहिलेल्या कुटुंबांना 12 जुलै 1961 च्या पानशेतच्या पुरात घरचे कागद गेले का, हे आवर्जून विचारावे. गेले असतील, तर गावाकडच्या भाऊबंदांकडे त्यांच्या नकला किंवा वंशावळीची प्रत असू शकते. जिवंत व्यक्तींचे घर क्रमांक, वय आणि दूरध्वनी आपल्या वहीतच ठेवावेत आणि इतरांना वंशावळ देताना हयात माणसांचा तपशील त्यांच्या संमतीनेच द्यावा. पूर्ण झालेल्या टिपणाची एक प्रत मूळ गावच्या ग्रंथालयात आणि एक पुण्यातील संशोधन संस्थेत द्यावी, आणि तिच्यावर मतदार याद्या कोणत्या तारखेच्या वापरल्या ते पहिल्याच पानावर लिहावे.