बारावीचा निकाल, 'रिचेकिंग' आणि प्रवेश: पहिल्यांदाच यातून जाणाऱ्यांसाठी

निकालाच्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूमबाहेर दोन प्रकारची मुलं उभी असतात. काहींना गुण कमी 'वाटतात'. काहींना ते कुठेतरी खरोखरच कमी 'पडणार' असतात. प्रश्न मात्र दोघांचाही एकच: 'मॅडम, रिचेकिंगला टाकू का?' मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते, बोर्डाचे पेपर तपासण्याचं कामही बरीच वर्षं केलंय. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या प्रवेशासाठी, आणि नेमके किती गुण हवेत? याचं उत्तर तयार नसेल तर अर्ज करायची घाई करू नका.

कारण साधं आहे. गुण देणारं राज्य मंडळ शालेय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतं. इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ यांचे प्रवेश करणारा सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) सेल उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे आहे. आयआयटी-एनआयटीचे प्रवेश तर जोसा ही जागावाटप करणारी संस्था करते, ती केंद्राची. तिघांची वेळापत्रकं वेगवेगळी. तुमची उत्तरपत्रिका पुन्हा तपासली जातेय म्हणून प्रवेशाची फेरी कुणी थांबवत नाही. पालकांना हे पटायला फार वेळ लागतो. 'सरकार एकच ना?' असं ते विचारतात. सरकार एकच आहे, खिडक्या वेगळ्या आहेत.

आधी 'रिचेकिंग' या शब्दाखाली काय काय येतं ते बघू. गुणपडताळणी म्हणजे फक्त मोजदाद. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतल्या पानांवरचे गुण पहिल्या पानावर उतरलेत का, बेरीज बरोबर आहे का, पुरवणी धरली आहे का, एवढंच पाहतात. परीक्षकाने तीन गुण दिले असतील तर ते चार हवे होते का, या प्रश्नाला तिथे कुणी हात लावत नाही. छायाप्रत म्हणजे तुमच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेची प्रत. आणि पुनर्मूल्यांकन म्हणजे उत्तरं खरोखर पुन्हा तपासणं. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येत नाही, आणि प्रत हातात आल्यापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत तो करावा लागतो. 2025 साली बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला, पडताळणी आणि छायाप्रतीचे अर्ज 6 ते 20 मे या काळात घेतले गेले. शुल्क विषयामागे पडताळणीला 50 रुपये, छायाप्रतीला 400 आणि पुनर्मूल्यांकनाला 300. म्हणजे एका विषयात शेवटपर्यंत जायचं तर सातशे रुपये. तुमच्या वर्षीचे आकडे आणि तारखा निकालासोबतच्या प्रकटनात बघा, मागच्या वर्षीच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका.

हे सगळं फक्त लेखी पेपरबद्दल आहे. प्रॅक्टिकलचे तीस, तोंडीचे किंवा अंतर्गत वीस गुण यात येत नाहीत, श्रेणीचे विषयही नाहीत. प्रॅक्टिकलमध्ये कमी पडले म्हणून छायाप्रत मागवणारी मुलं दर वर्षी भेटतात.

आता पेपर तपासतात कसे, ते थोडं सविस्तर सांगते, कारण निर्णय तिथेच होतो. उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, नाव-गाव कळत नाही. परीक्षकाला नमुना उत्तरं आणि पायरीनुसार गुणदान दिलेलं असतं. त्याने तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर नियामक, म्हणजे परीक्षकावर देखरेख करणारा, पुन्हा बघतो, त्याच्यावर मुख्य नियामक. गणितात अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या पायऱ्या असतात, त्यामुळे तिथे परीक्षकाच्या मर्जीला जागा कमी उरते. भाषेच्या पेपरात, निबंध किंवा रसग्रहणात, दोन चांगले परीक्षकही वेगवेगळे गुण देतील. फिजिक्सची डेरिव्हेशन या दोघांच्या मधे कुठेतरी. माझं मत विचाराल तर, गणितात पुनर्मूल्यांकनाने गुण वाढायचे असतील तर त्याचं कारण छायाप्रतीवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. 'मला चांगला गेला होता' हे कारण नव्हे.

एक मुलगी गणिताची छायाप्रत घेऊन आली होती. इंटिग्रेशनचा चार गुणांचा प्रश्न, उत्तर बरोबर, गुण अडीच. घरात सगळे चिडलेले, वडील तर वकिलाशी बोलूनही आलेले. आम्ही दोघींनी ते पान बाकावर ठेवून ओळ-ओळ वाचलं. तिने सब्स्टिट्यूशन केलं होतं, पण लिमिट्स जुन्याच ठेवल्या होत्या. मधल्या दोन ओळी त्यामुळे चुकलेल्या, आणि शेवटच्या ओळीत एकदम बरोबर उत्तर. परीक्षकाने त्या जुन्या लिमिट्सखाली लाल रेघ ओढली होती, बारीकशी. ती रेघ घरात कुणीच पाहिली नव्हती, कारण सगळे अडीचच्या आकड्याकडे बघत होते. तिने पुढचा अर्ज केला नाही. चारशे रुपये वाया गेले असं मी म्हणणार नाही, पुढे सीईटीच्या तयारीत तिने ती सवय मोडली.

म्हणून छायाप्रत आली की पाच दिवस मोजायला लागा, आणि पहिल्याच दिवशी ती विषयशिक्षकाकडे न्या. क्लासच्या सरांकडे नेलीत तरी चालेल, पण ज्यांनी बोर्डाचे पेपर तपासलेत अशा कुणाला तरी दाखवा. प्रश्नवार टिपण करून घ्या: प्रश्न कुठला, दिलेले गुण किती, अपेक्षित किती, कुठली पायरी सुटली. असं टिपण अर्ध्या पानाचंही झालं नाही, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

आता प्रवेशाची बाजू. बारावीचे गुण सगळीकडे सारखे लागत नाहीत, आणि इथेच बहुतेकांचे पैसे उगाच जातात. राज्यातल्या इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात यावर, लागते. बारावीत ठरलेल्या विषयगटात खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40 टक्के मिळाले की पात्रता झाली. पात्रतेच्या वर असाल तर गणितात चार गुण वाढून यादीत तुम्ही वर सरकत नाही. दोघांचे पर्सेंटाइल तंतोतंत सारखे आले तरच बारावीचे गुण कामाला येऊ शकतात, आणि त्याच्या भरवशावर कुणी सातशे रुपये खर्च करू नये. वैद्यकीयला नीट ही प्रवेश परीक्षा, तिथेही बारावीत पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) खुल्या प्रवर्गासाठी 50 टक्क्यांची पात्रता. बीएमएस, बीबीए, बीसीएसाठीही 2024-25 पासून सीईटी आली. पूर्वी या अभ्यासक्रमांना बारावीचा एकेक गुण महत्त्वाचा असायचा, ते आता मागे पडलं.

मग गुण कुणाला लागतात? साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीला, जिथे नावाजलेली कॉलेजं बारावीच्या टक्क्यांवरच यादी लावतात. पात्रतेच्या रेषेखाली एक-दोन गुणांनी राहिलेल्यांना. आणि आयआयटी-एनआयटीसाठी जेईई ही प्रवेश परीक्षा देणाऱ्यांना. तिथे बारावीत 75 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 65, किंवा मग आपल्या बोर्डातल्या आपल्या प्रवर्गाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. इथे एक हिशेब मुलं चुकतात. हे 75 टक्के पाच विषयांवर काढतात: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय. गुणपत्रिकेवर सगळ्या विषयांची मिळून छापलेली टक्केवारी ही ती नव्हे. आधी पाच विषयांची बेरीज करा. 500 पैकी 372 आले असतील तर तीन गुणांचा प्रश्न आहे, आणि तेव्हा मी स्वतः सांगते की लगेच छायाप्रती मागवा, सगळ्या विषयांच्या नव्हे, जिथे जागा दिसते त्या दोन विषयांच्या. त्याच दिवशी 20 पर्सेंटाइलची अटही तपासा, कधीकधी तिथेच सुटका होते. वेळ फार नसतो. 2025 मध्ये जोसाची नोंदणी 3 जूनलाच उघडली होती.

राज्याच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांमध्ये गुण बदलले तर काय होतं? बदललेली गुणपत्रिका लगेच दाखवायची, मग तो बदल पुढच्या फेऱ्यांसाठी धरला जातो. झालेली फेरी मागे फिरत नाही. म्हणून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज टाकला की फेरीतली जागा सोडून बसायचं नाही. जी जागा आज मिळतेय ती घ्या, नियमात बसेल तसं पुढच्या फेरीसाठी बेटरमेंट, म्हणजे वरचा पर्याय, मागा. 2025 मध्ये इंजिनिअरिंगच्या कॅपला चार फेऱ्या झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घेणं बंधनकारक होतं, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तसंच. म्हणजे पर्याय भरतानाच 'गुण वाढले तर' हा विचार करावा लागतो, नंतर नाही.

कोर्टात जाऊ म्हणणाऱ्या पालकांना मी दोन-तीन तारखा सांगते. पुनर्मूल्यांकन हा विद्यार्थ्याचा हक्कच आहे, अशा धर्तीवर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने एकदा निकाल दिला होता. 1984 साली महाराष्ट्र मंडळ विरुद्ध परितोष शेठ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. निकालांना कुठेतरी शेवट असावा लागतो, असा त्यातला रोख. 2011 साली सीबीएसईच्या एका प्रकरणात उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क माहिती अधिकाराखाली मान्य झाला. पण बघणं वेगळं आणि पुन्हा तपासायला लावणं वेगळं. नियमात सोय असेल तेवढीच फेरतपासणी, हेच सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या रणविजय सिंह निकालातही आलं. चार-दोन गुणांसाठी एकट्याने वकील गाठू नका.

चूक सगळ्यांची मिळून असते तेव्हा शासन हलतं, हेही खरं. 27 एप्रिल 2025 च्या एमएचटी-सीईटीच्या एका सत्रात गणिताच्या 50 पैकी 21 प्रश्नांचे पर्याय इंग्रजी पेपरात चुकले होते. ओरड झाल्यावर त्या सत्रातल्या 27,837 मुलांची फेरपरीक्षा 5 मे रोजी ठेवली गेली. नेमका बारावीच्या निकालाचा दिवस! 2021 साली दहावीच्या परीक्षाच झाल्या नाहीत, निकाल 99.95 टक्के लागला. मग अकरावीसाठी 21 ऑगस्टला वेगळी सीईटी घ्यायचं ठरलं, ती उच्च न्यायालयाने 10 ऑगस्टला रद्द केली. म्हणजे परीक्षेला अकरा दिवस उरलेले. तयारी करून बसलेल्या मुलांचं काय झालं असेल ते मी वर्गात पाहिलंय. अशा वेळी सूचना रोज बदलते, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पत्रकांतलं अर्धं जुनं असतं. संकेतस्थळावरची तारीख बघून मगच पळा.

कागदांचं एक सांगायचं राहिलं. प्रवेश घेताना मूळ गुणपत्रिका कॉलेजात जमा होते, आणि गुण बदलले तर नवी गुणपत्रिका घेताना जुनी परत द्यावी लागते. म्हणून प्रवेश घेताना 'पुनर्मूल्यांकनाचा निकाल यायचा आहे' असं लेखी देऊन पोच घ्या, आणि अर्जाच्या पावतीची प्रत त्याला जोडा. डिजिलॉकरवरची प्रत, साक्षांकित प्रती, छायाप्रतीचा अर्ज क्रमांक, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आणि 'मंडळात ओळख आहे, गुण वाढवून देतो' म्हणणाऱ्याचा फोन आला तर काहीही न बोलता ठेवून द्या. बारकोड लागलेल्या उत्तरपत्रिकेत तुमचा पेपर कुठला हे तपासणाऱ्यालाही माहीत नसतं.

गुण वाढले नाहीत आणि हवेतच असतील, तर श्रेणीसुधारचा, म्हणजे पास असूनही गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्याचा, मार्ग उरतो. पुरवणी परीक्षा 2025 मध्ये 24 जूनला सुरू झाली, म्हणजे निकालानंतर जेमतेम सात आठवड्यांनी. छायाप्रतीची वाट बघत बसलेल्यांची तिचे अर्ज भरायची मुदत हमखास हुकते. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात विचारात घ्या.