पहिल्यांदा साय-फाय आरपीजी (टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायचा गोष्टीचा गेम) चालवताय? मग हे वाचा
सगळ्यात आधी, अख्खी गॅलेक्सी बनवत बसू नका. मी बसलेलो, तीन महिने घातले आणि प्लेयर्स पहिल्या स्पेस स्टेशनच्या बाहेरच पडले नाहीत. एक जहाज, एक बिघाड, डोक्यावर थोडं कर्ज, बास.

नियमांसाठी मला १९७७ चा ट्रॅव्हलर हा आरपीजी अजूनही भारी वाटतो, दोन फासे टाकायचे, बेरीज ८ किंवा जास्त आली की जमलं, म्हणजे ३६ पैकी १५ वेळा, आणि स्किलचा नुसता +१ मिळाला तरी त्याचे २१ होतात. त्यात कॅरेक्टर बनवता बनवताच मरू शकतं, हे नवख्यांना आधीच सांगा, नाहीतर तोंडं पडतात.

आणि प्रत्येक दार उघडायला फासे नकोत राव! हुकल्यावर काहीतरी राडा होणार असेल तरच टाकायला लावा.