जुन्या रेवासाठी नवी बॅटरी निवडताना

बंगळूरच्या रेवा इलेक्ट्रिक कार कंपनीने २००१ साली बाजारात आणलेली दोन दारांची छोटी रेवा आणि तिची पुढची आवृत्ती रेवाआय आजही आपल्या शहरांत अधूनमधून दिसते. बाहेरचे पॅनेल प्लास्टिकचे असल्याने ते सडत नाहीत आणि मोटरीलाही फारशी देखभाल लागत नाही. दर काही वर्षांनी संपते ती बॅटरी. मग मालक विचारतो की सध्या सर्वांत चांगली बॅटरी कोणती. हा प्रश्न थोडा उलटा करून विचारावा लागतो: या गाडीचा कंट्रोलर, चार्जर आणि बॅटरीचा हिशोब ठेवणारी यंत्रणा, म्हणजे ईएमएस, किती व्होल्टेज आणि किती अँपिअर सहज पेलतील? त्याचे उत्तर मिळाले की बहुतेक पर्याय आपोआप बाद होतात.

पुढचे विवेचन मूळ लेड-ॲसिड बॅटरीच्या रेवाआयला धरून आहे. २००९ पासून आलेली लिथियम-आयन रेवा आणि २०१३ ची महिंद्रा ई२ओ यांची मूळ बॅटरी वेगळी आहे, त्यामुळे खालचे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नयेत.

आधी जुनी बॅटरी तपासावी

रेवाआयमध्ये पुढच्या सीटखाली सहा व्होल्टच्या, सुमारे २०० अँपिअर-तासांच्या आठ बॅटऱ्या एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये, जोडलेल्या असतात. एकूण ४८ व्होल्ट आणि कागदोपत्री ९.६ किलोवॅट-तास. सिरीजमध्ये सर्वांत कमजोर बॅटरीच सगळ्या पॅकची मर्यादा ठरवते. त्यामुळे रेंज निम्म्यावर आली म्हणजे आठही बॅटऱ्या गेल्या, असे गृहीत धरू नये.

पूर्ण चार्ज करून गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी मल्टिमीटरने एकेक बॅटरी मोजावी. चांगली बॅटरी ६.३ ते ६.४ व्होल्टच्या आसपास दिसते. मग झाकणे उघडून हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधील ॲसिडची घनता पाहावी, ती १.२६५ ते १.२८० असावी. एखाद्या सेलमध्ये ती शेजारच्या सेलपेक्षा ०.०५ ने कमी भरली, तर तो सेल गेला असे समजण्यास हरकत नाही. हे करताना हातमोजे आणि चष्मा घालावा, अंगठी व घड्याळ काढून ठेवावे आणि पान्याच्या मुठीवर इन्सुलेशन टेप गुंडाळावी, कारण ४८ व्होल्टचा शॉक तितका घातक नसला तरी दोन टर्मिनलांमध्ये आडवा पडलेला पाना क्षणात लाल होतो.

संच वर्षभराचाच असेल आणि एकच बॅटरी खराब निघाली, तर तेवढीच बदलावी. संच चार वर्षांचा असेल तर जुन्या सातांत एक नवी घालणे हा पैशांचा अपव्यय आहे. नवीही लवकरच जुन्यांच्या पंक्तीला जाऊन बसते.

व्होल्टेजचे गणित

लेड-ॲसिडच्या ४८ व्होल्ट पॅकमध्ये प्रत्यक्षात दोन व्होल्टचे २४ सेल असतात. चार्जिंगच्या शेवटी हा पॅक ५८ व्होल्टच्या जवळ जातो आणि सर्व सेल समपातळीवर आणणाऱ्या इक्वलायझेशन चार्जच्या वेळी ६० च्याही वर जातो. भार पडला की तो ४४-४५ पर्यंत उतरतो. गाडीची सगळी इलेक्ट्रॉनिक्स या पट्ट्यासाठी घडवलेली आहे आणि नवी बॅटरी याच पट्ट्यात बसायला हवी.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात, त्याच्या एका सेलचे सरासरी व्होल्टेज ३.२ आणि कमाल ३.६५ असते. असे १६ सेल जोडले की ५१.२ व्होल्ट सरासरी आणि ५८.४ व्होल्ट कमाल मिळतात. जुन्या पट्ट्याशी हे जवळजवळ जुळते. काही दुकानदार १५ सेल सुचवतात, कारण १५ गुणिले ३.२ बरोबर ४८ येतात. तसे करू नये: १५ सेलांची कमाल मर्यादा ५४.७५ व्होल्ट आहे, आणि जुन्या सेटिंगचा चार्जर त्या मर्यादेपलीकडे सहज जाईल.

एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलची कमाल ४.२ व्होल्ट. १४ सेल घेतले तर ५८.८ पर्यंत जाणारा पॅक तयार होतो. व्होल्टेजच्या दृष्टीने तोही बसतो आणि वजनाला एलएफपीहून हलका ठरतो. तरीही मी तो सुचवणार नाही. एनएमसीचा सेल अति तापला की त्याच्या कॅथोडमधून ऑक्सिजन बाहेर पडतो आणि आगीला स्वतःच खतपाणी मिळते. एलएफपीमध्ये फॉस्फेटचा बंध घट्ट असल्याने हे सहजी घडत नाही. रेवामध्ये बॅटरी सीटखाली असते आणि लिथियम पॅकसाठी आखलेली द्रव-शीतकरणाची सोय तिच्यात नसते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीत थोडे वजन वाचवण्यासाठी ही जोखीम पत्करण्याचे कारण नाही.

सोडियम-आयनबद्दल सध्या बरेच बोलले जाते. त्याची अडचण वेगळी आहे. भरलेल्या आणि रिकाम्या सेलच्या व्होल्टेजमध्ये इतके अंतर असते (साधारण ४ व्होल्टपासून २ व्होल्टपर्यंत) की वरची मर्यादा सांभाळून पॅक बांधला तर खालची बरीचशी ऊर्जा कंट्रोलर घेणारच नाही. व्होल्टेज कमी झाले असे समजून तो आधीच गाडी थांबवेल. लिथियम टायटनेट दीर्घायुषी खरे, परंतु महाग आणि किलोमागे ऊर्जेला कमी, म्हणून त्याचा विचार येथे सोडून देतो.

अँपिअर आणि सेलचा दर्जा

सर्वाधिक फसगत होते ती येथे. रेवाआयची मोटर कमाल १३ किलोवॅटची आहे. ४८ व्होल्टवर तेवढी शक्ती काढायची म्हणजे २७० अँपिअर, आणि मोटर-कंट्रोलरमधील हानी धरली तर ३०० च्या पुढे. चढावर किंवा सिग्नल सुटल्यावर काही सेकंद एवढा प्रवाह बॅटरीतून जातो. १०० अँपिअर-तासांचे सेल घेतले तर ही मागणी त्यांच्या क्षमतेच्या तिप्पट होते. २०० चे घेतले तर दीडपट.

सौर ऊर्जेच्या साठवणुकीसाठी बनवलेले २८० अँपिअर-तासांचे सेल आज सहज मिळतात आणि स्वस्तही वाटतात. मात्र त्यांतील अनेकांची शिफारस क्षमतेच्या निम्म्या ते एकपट प्रवाहाचीच असते. डेटाशीटमध्ये सतत चालणारा प्रवाह आणि काही सेकंदांचा कमाल प्रवाह हे दोन आकडे वेगवेगळे दिलेले असतात. दोन्ही पाहावेत आणि वाहनासाठीचेच सेल मागावेत. २०० अँपिअर-तासांच्या १६ सेलांचा पॅक १०.२४ किलोवॅट-तासांचा होतो. उत्पादकाच्या ८० किलोमीटरच्या दाव्यावरून रेवाआयचा खर्च किलोमीटरला सुमारे १२० वॅट-तास येतो. प्रत्यक्षात दोन माणसे, चढ आणि गर्दी धरून १५० मानावा. तरीही रोजच्या ४० किलोमीटरांना सहा किलोवॅट-तास पुरतात. लेड-ॲसिडची ९.६ ही क्षमता मात्र कागदावरची: प्रवाह वाढला की ती घटते, आणि आयुष्य टिकवायचे तर ती पूर्ण रिकामी करता येत नाही.

बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून धोक्याच्या वेळी पॅक तोडणारी यंत्रणा, निवडतानाही हेच अँपिअर लक्षात ठेवावेत. बाजारातील १०० किंवा २०० अँपिअरचे, सगळा प्रवाह मॉस्फेट या इलेक्ट्रॉनिक स्विचमधून नेणारे बीएमएस येथे निरुपयोगी आहेत. प्रवाह स्वतःमधून न नेता कॉन्टॅक्टरला, म्हणजे विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचला, आज्ञा देणारा बीएमएस घ्यावा आणि त्याने आधी चार्जरला व कंट्रोलरला इशारा द्यावा, कॉन्टॅक्टर सर्वांत शेवटी तोडावा. कारण उतारावर ब्रेक दाबताच मोटर वीज परत पाठवत असते. त्याच क्षणी भरलेला पॅक अचानक तुटला, तर ती वीज कुठे जाणार? कंट्रोलरवर व्होल्टेज उसळते आणि बॅटरी वाचली तरी कंट्रोलर जळतो.

चार्जर, ईएमएस आणि जोडण्या

एलएफपी बसवल्यावर जुनी इक्वलायझेशनची पद्धत बंद झालीच पाहिजे. चार्जर ५६.८ व्होल्टवर, म्हणजे सेलमागे ३.५५ वर, थांबेल असा बदलून घ्यावा. तो तसा बदलता येत नसेल तर नवा चार्जर घेणे हाच मार्ग उरतो आणि तो खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा. डॅशबोर्डवरील चार्जचा काटाही खोटे बोलू लागेल. एलएफपीचे व्होल्टेज बराच काळ सपाट राहते आणि शेवटी एकदम कोसळते, तर जुना ईएमएस लेड-ॲसिडच्या हळूहळू उतरणाऱ्या व्होल्टेजला सरावलेला असतो. शंट, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठीचा ठरावीक रोध, बसवून अँपिअर-तास मोजणारा वेगळा मीटर लावावा.

बसबारच्या, म्हणजे सेल एकमेकांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या, जोडणीत एक मिलिओहमचा रोध राहिला, तर ३०० अँपिअरला त्या एका नटाखाली ९० वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून टर्मिनल बारीक पॉलिशपेपरने घासावे, नट उत्पादकाने दिलेल्या टॉर्कनेच टॉर्क रेंच वापरून आवळावेत (ॲल्युमिनियमचे आटे जोर लावला की निसटतात) आणि भार असताना प्रत्येक जोडावरील मिलिव्होल्ट मोजून लिहून ठेवावेत. ज्या जोडावर शेजारच्यांपेक्षा दुप्पट आकडा दिसेल तो उघडून पुन्हा बसवावा.

लेड-ॲसिड काढून एलएफपी घातले की गाडी दीडशे किलोंच्या आसपास हलकी होते. ती स्प्रिंगवर वर उचलली जाते आणि रस्त्यावर तिचे वागणे बदलते, म्हणून अलाइनमेंट आणि ब्रेक पुन्हा तपासून घ्यावेत. सेल मूळ ट्रेमध्ये मोकळे न ठेवता दोन बाजूंनी प्लेट लावून आवळावेत.

लेड-ॲसिड कधी घ्यावी

गाडी दोन-तीन वर्षेच ठेवायची असेल, रोजचा पल्ला २०-२५ किलोमीटरच असेल आणि डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालण्याची शिस्त असेल, तर पुन्हा लेड-ॲसिड घेण्यात कमीपणा नाही. बॅटऱ्या मात्र डीप-सायकल प्रकारच्याच, म्हणजे वारंवार बऱ्याच रिकाम्या करून पुन्हा भरता येणाऱ्या, घ्याव्यात. इंजिन सुरू करण्यासाठीची बॅटरी काही महिन्यांत मान टाकते. या मार्गात चार्जर, ईएमएस, काटा यांपैकी काहीच बदलावे लागत नाही आणि कागदपत्रांचा प्रश्नही येत नाही.

रसायन बदलले की तो येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनाच्या मूळ तपशिलात फेरफार करण्यावर बंधने घातली आहेत. त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वी आरटीओकडे लेखी विचारणा करावी, पॅक बांधून देणाऱ्याकडे विजेवरच्या वाहनांसाठीच्या एआयएस-०३८ या मानकानुसार चाचणीचा अहवाल आहे का ते विचारावे आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवावा. पंधरा वर्षे उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण बाकी असेल, तर २०२१ पासून बॅटरीवरील वाहनांना त्याचे शुल्क माफ आहे, परंतु वाहनाची तपासणी चुकत नाही; ती नवी बॅटरी बसवून झाल्यावर करून घेणे सोयीचे पडते.

काढलेल्या आठ बॅटऱ्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढवू नयेत. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे किंवा विक्रेत्याकडेच द्यायच्या असतात. शिशाला चांगला भाव असल्याने विक्रेता बदल्यात रक्कम वजा करून देतो. ती किती हे नव्या बॅटरीचा दर ठरवतानाच बोलून घ्यावे.