इंदुरी पोहे घरी करायचे तर: अर्धं काम वाफेवर, अर्धं बशीत

पुण्यामुंबईकडचे पाहुणे इंदूरहून परत गेले की आठवड्याभरात फोन येतो. "काका, घरी केले, पण तसे नाही झाले." मी विचारतो, कांदा परतला होता का? हो. पोहे फोडणीत टाकून चांगले परतले? हो. मग वरून शेव घातली? हो, भरपूर! म्हणजे कांदेपोहेच केले की, शेव घालून. कांदेपोह्यांशी माझं काही वाकडं नाही. बायकोचं माहेर नाशिकचं, तिच्या हातचे दाणे घातलेले पोहे इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या घरी अजून होतात आणि मी ते मुकाट्याने दोनदा घेतो. पण इंदुरी पोहे हे वेगळं प्रकरण आहे, आणि रविवारी सकाळी ते माझ्याकडे असतं.

इंदूरकडे नाश्त्याचा पदार्थ चुलीवर पुरता करतच नाहीत. चुलीवर तो मऊ, किंचित गोडसर आणि जवळजवळ मिळमिळीत ठेवायचा. आंबट, तिखट, कच्चं, कुरकुरीत जे काय असेल ते बशीत. राजवाड्याच्या आसपास सकाळी कुठल्याही पोह्यांच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभे राहा. खाली पाण्याचं भांडं खदखदत असतं, त्यावर पोह्यांची मोठी परात, मधे ढीग आणि कडेने वाफ. पोहेवाला झाऱ्याने ढीग पोखरत नाही, कडेकडेने हलकेच उचलतो, म्हणजे पोहे मोडत नाहीत. बशीत घातले की भोकाच्या झाकणाच्या डब्यातून जिरावन, म्हणजे वरून भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला, मग चिमूटभर कांदा, कोथिंबीर, लिंबू पिळता पिळता "भिया, सेव बढ़ा दूँ?" आणि उत्तराची वाट न बघता शेव. एका बशीला पंधरा सेकंद लागत नसतील. त्या पंधरा सेकंदांतच पोहे इंदुरी होतात.

म्हणून सुरुवात जिरावनपासून. तयार पुड्या आता सगळीकडे मिळतात, त्याही वाईट नसतात, पण घरचं एकदा केलंत की तीनचार महिने बघायला नको. जिरं चार चमचे, धणे चार, बडीशेप दोन, मिरी एक चमचा, सातआठ लवंगा, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, तमालपत्राची दोन पानं, एक मसाला वेलदोडा आणि सातआठ सुक्या लाल मिरच्या. हे सगळं एकदम तव्यावर लोटू नका. धणे आधी, जिरं-बडीशेप नंतर, मिरच्या शेवटी, कारण मिरची करपली की सगळ्या मसाल्याला तोच वास लागतो. आच मंद. जिरं रंग बदलायला लागलं की तवा उतरवायचा, राहिलेलं काम तव्याची ऊब करते. पूर्ण गार झालं की बारीक दळा आणि मग त्यात तीन चमचे आमचूर, दोन चमचे काळं मीठ, एक चमचा साधं मीठ, एक चमचा सुंठ, अर्धा चमचा हळद, पाव चमचा हिंग आणि जायफळ किसून थोडंसं. आमचूर भाजायचं नाही, त्याची आंबट धार जाते. चमचे म्हणजे पोह्याचे चमचे, आणि डोळ्यांनी मोजलेले चालतात.

चाखून पाहा. जिभेला आधी आंबट लागलं पाहिजे, मग काळ्या मिठाचा तो जरा उग्र वास, तिखट सगळ्यांत शेवटी. तिखटच पुढे आलं तर आमचूर वाढवा. काचेच्या बरणीत ठेवा आणि ओला चमचा घालू देऊ नका. काळं मीठ ओल ओढतं, पावसाळ्यात बरणीत दगड होतो. तसा झाला तर फेकायचं कारण नाही, पुन्हा मिक्सरमधून एक फेरा.

आता पोहे. जाडे पोहे घ्या. आमच्याकडे बहुतेक उज्जैनचे येतात, तिथे पोह्यांच्या गिरण्याच गिरण्या आहेत. तुमच्याकडे जे जाडे मिळतील ते चालतील, पातळ पोह्यांचा मात्र वाफेवर लगदा होतो. चौघांना तीन मोठ्या वाट्या पुरतात. चाळून घ्या, चाळणीतच दोनदा भरपूर पाण्याखाली धरा आणि निथळत ठेवा. भांड्यात भिजत ठेवायचे नाहीत. दहा मिनिटांनी एक पोहा बोटांत दाबा: सहज चेपला पाहिजे, पण मधे जरासा कणा जाणवला पाहिजे. तो कणा वाफेसाठी राखून ठेवायचा.

मीठ, दोन चमचे साखर आणि अर्धा चमचा हळद आत्ताच, कच्च्या पोह्यांनाच लावून ठेवा. फोडणीत हळद घातली की रंग कुठे गडद कुठे फिका असा येतो, पोह्यांना चोळली की सगळीकडे तोच लिंबासारखा पिवळा. साखरेवरून आमच्या पुण्याच्या वहिनी दर वेळी भुवया उंचावतात. त्यांना म्हणावं, वर जिरावन आणि लिंबू पडायचं आहे, तेव्हा बोला.

फोडणी अगदी माफक: दोन चमचे तेल, मोहरी, एक चमचा बडीशेप, अर्धा चमचा भरड कुटलेले धणे, दोनतीन हिरव्या मिरच्या, कढीपत्ता. बडीशेप टाळू नका, गाडीजवळून जाताना जो वास येतो तो तिचा. पण ती मोहरी तडतडल्यावर घाला आणि फुलली की लगेच आच बंद करा, काळी बडीशेप कडू लागते. कांदा नाही, बटाटा नाही, दाणेही नाहीत. ही फोडणी पोह्यांवर ओता आणि हाताने, बोटं पसरून, खालून वर असे सारखे करा.

आता वाफ. मोठ्या पातेल्यात तळाला पाणी उकळायला ठेवा, त्यावर बरोबर बसेल अशी स्टीलची चाळणी, चाळणीत पोहे, वर झाकण. पाणी चाळणीला लागता कामा नये. झाकणाला आतून फडकं बांधलंत तर थेंब पोह्यांवर पडत नाहीत. इडलीपात्र असेल तर ढोकळ्याच्या ताटलीत पसरा, तेही चालतं. मध्यम आचेवर आठदहा मिनिटं. मधे एकदाच झाऱ्याने कडेचे आत, आतले कडेला. झाकण काढल्यावर पोहे फुगून सुटे दिसले पाहिजेत, आणि मुठीत दाबले तर गोळा व्हावा पण सोडल्यावर फुटावा. कोरडे वाटले तर पाण्याचा हबका मारून आणखी दोन मिनिटं. सगळ्यांत सोय ही की उशिरा उठणारी पोरं येईपर्यंत पातेलं मंद आचेवर तसंच राहू द्यायचं. कढईतले पोहे अर्ध्या तासात वातड होतात, वाफेवरचे दोन तासांनीही मऊच. खालचं पाणी आटत नाही ना, एवढं बघा.

बशीत घालायचा क्रम मी कुणाला बदलू देत नाही. आधी जिरावन, कारण पोहे ओलसर गरम असताना ते चिकटतं. मग बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि कोथिंबीर. मग लिंबू. शेव अगदी शेवटी, लिंबानंतर, नाहीतर ती लिंबाच्या रसात भिजून मेणचट होते. शेव बारीक घेतलीत तर पोह्यांत मिसळून जाते. मला लवंग-मिरीची रतलामी आवडते, ती दाताखाली वेगळी कळते, पण तिच्यासोबत जिरावन जरा हात राखून. डाळिंब मिळालं तर दाणे घाला, खारी बुंदी असेल तर मूठभर. टोमॅटो, किसलेलं चीज वगैरे जे हल्ली दिसतं त्याबद्दल मी बोलणार नाही.

सोबत जिलबी हवी, हे सांगायची गरज नसावी. घरी करायच्या फंदात पडू नका, कोपऱ्यावरून गरम आणा. पोह्यांचा घास, मग जिलबीचा तुकडा, असं आलटून पालटून. आणल्याला वेळ झाला असेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर, मायक्रोवेव्हमध्ये ती चिवट होते.

भरपेट हवं असेल तर उसळपोहे करा. मटकीची किंवा पांढऱ्या वाटाण्याची उसळ, रस्सा पातळ आणि तिखट, तर्रीवाला. तो पोह्यांवर ओतायचा, वर कांदा, शेव, लिंबू. रंगपंचमीला राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, पाहून रंगलेल्या हातांनी घरी आलेल्या मंडळींना आमच्याकडे हेच मिळतं. अंघोळीला आधी कोण जाणार यावर भांडण चालू असताना उभ्याउभ्या खाल्लं जातं.

हीच वाफेची चाळणी उपासाच्या दिवशीही कामाला येते. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या सराफा बाजारात, रात्री मिळते तशी साबुदाणा खिचडी करायची तर भिजवलेला मोकळा साबुदाणा ओल्या फडक्यावर पसरून दहाबारा मिनिटं वाफवा, पारदर्शक झाला की परातीत घेऊन त्यात दाण्याचं कूट, वाटलेली मिरची, सैंधव, कोथिंबीर, लिंबू, आणि वरून बटाट्याचा उपासाचा चिवडा. तुपाची धार हवी तर घाला, नाही घातली तरी अडत नाही. तुपात परतलेल्या खिचडीची सवय असलेल्यांना पहिल्या घासाला ती भेळेसारखी वाटते.

पावसाळ्यात मात्र चाळणी मांडणीवर आणि कढई गॅसवर, कारण भुट्ट्याचा कीस. याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. कणीस कोवळं हवं: दाण्यात नख रुतवलं की दूध उडालं पाहिजे. देशी मिळालं तर उत्तम, अमेरिकन मक्याचा कीस फार गोड आणि पाणचट होतो, त्यात दूध निम्मं करा आणि मिरची वाढवा. किसताना कणीस फिरवत राहा, दाणे संपून खरखरीत लागलं की थांबा, नाहीतर बुरखुंडाचे तूस घशात टोचतात. सहा कणसांचा कीस, तीन चमचे तूप, मोहरी, जिरं, सढळ हिंग, आलं-मिरचीचा ठेचा, हळद. कीस घालून मंद आचेवर परतत राहा. आधी तो चिकट लापशीसारखा असतो आणि कढईला धरतो, तेव्हा घाबरून पाणी घालायचं नाही. कच्चा वास जाऊन खमंग वास यायला लागला, रंग गडद झाला, तूप कडेला दिसलं, की एक वाटी गरम दूध. झाकण ठेवून ते जिरू द्या. मग मीठ, आणि गॅस बंद केल्यावरच लिंबू, नाहीतर दूध फाटतं. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, आणि हो, जिरावन.

थंडीत गराडू. बाजारात हा मातकट कंद पाहून नवखा माणूस पुढे जाईल, पण डिसेंबरच्या रात्री सराफ्यात सोनारांची दुकानं बंद होऊन खाण्याची लागली की सगळ्यांत जास्त गर्दी गराडूच्या कढईपाशी. सोलण्याआधी हातांना तेल चोळा, नाहीतर खाजेने हैराण व्हाल. इंचभराचे तुकडे, आधी मध्यम आचेवर आतपर्यंत शिजेस्तोवर तळा, बाहेर काढून वाटीच्या बुडाने हलके दाबा, मग तेल कडक तापवून पुन्हा सोडा. दाबल्याने ज्या भेगा पडतात त्यांच्या कडा कुरकुरीत होतात आणि मसाला तिथेच अडकतो. निथळले की पातेल्यात घ्या, लिंबू पिळा, जिरावन टाका, झाकण लावून दोनदा हिसका द्या आणि टूथपिक टोचून लगेच वाढा. गार झालेला गराडू आमच्याकडे कुणी खात नाही, म्हणून मी एका वेळी एकच घाणा काढतो आणि बाकीच्यांना स्वयंपाकघरातच उभं करतो.