घरांचा बाजार थंडावलेला असताना पुण्यात कायरोप्रॅक्टिक दवाखान्याचा आराखडा कसा आखावा

घरांची विक्री मंदावली की बिल्डर, एजंट आणि इंटिरियरची कामे करणारे कारागीर यांना त्याची झळ लगेच लागते. पाठ-मानेच्या दुखण्यावर उपचार करणाऱ्या छोट्या दवाखान्यापर्यंत ती झळ थोड्या उशिराने पोहोचते, आणि तोवर दवाखान्याच्या मालकाने भाड्याचा करार, कर्ज आणि नोकरांचे पगार यांत स्वतःला बांधून घेतलेले असते. पुण्यातल्या फिजिओथेरपी आणि कायरोप्रॅक्टिक (मणक्यावर हाताने उपचार करण्याची पद्धत) दवाखान्यांचे आर्थिक आराखडे करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. या काळात सर्वाधिक नुकसान करणारा सल्ला मी एकच ऐकत आले: “नव्या भागात आधी जागा धरून ठेवा, वस्ती आपोआप येईल.” बाजार चढता असताना हा सल्ला कदाचित निभावून जातो, पण मंदीत तो दवाखाना बुडवतो. म्हणून पुढच्या सर्व पायऱ्या एका गोष्टीवर उभ्या आहेत: विकल्या गेलेल्या सदनिकांवर आराखडा बेतू नये, ज्या घरात आज माणसे राहतात ती घरे आणि जो करार आपल्याला वेळेवर बाहेर पडू देतो तो करार, या दोनच गोष्टींवर तो बेतावा.

शॉप अॅक्टची नोंद, उद्यम नोंदणी, व्यावसायिक दायित्व विमा आणि सनदी लेखापाल ही तयारी झालेली आहे असे मी धरते. एक बाब मात्र आधी स्पष्ट करावी लागेल. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपिस्टसाठी महाराष्ट्रात राज्य परिषद आहे आणि २०२१च्या केंद्रीय कायद्यातही त्या व्यवसायाचा समावेश आहे. तेव्हा आपली जी पदवी आणि जी नोंदणी असेल तीच पाटीवर लिहावी, त्याहून एक अक्षरही जास्त लिहू नये.

पहिली पायरी : उत्पन्न दुखण्यावर धरावे, वेलनेसवर धरू नये

डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हेनपोर्ट येथे कायरोप्रॅक्टिकची सुरुवात केली. काहीही दुखत नसताना दरमहा मणका “जुळवून” घ्यावा, हा वेलनेसचा विचार या क्षेत्रात पुढे चांगलाच रुजला. त्याच्या उपयुक्ततेबद्दल माझे मत अनुकूल नाही, पण आराखड्यापुरता प्रश्न वेगळा आहे. घराचा हप्ता वाढला की कुटुंब पहिली कात्री याच खर्चाला लावते. पन्नास लाखांचे वीस वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांऐवजी ९ टक्क्यांनी पडले, तर मासिक हप्ता सुमारे ३८,७६५ रुपयांवरून ४४,९८६ रुपयांवर जातो. महिन्याला सहा हजारांहून अधिक रक्कम कुठून तरी काढावीच लागते, आणि बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च बहुतेक आरोग्यविम्यांत मिळत नसल्यामुळे आपली फी थेट त्याच खिशातून येते. ज्याला सकाळी उठून बूट घालता येत नाही तो माणूस मात्र हप्ता वाढला तरी येतो.

म्हणून मूळ आराखड्यात वेलनेसचे उत्पन्न शून्य धरावे. सेवाही त्यानुसार ठरवाव्यात: तपासणी, हाताने केलेला उपचार आणि व्यायाम, हे तिन्ही एकत्र. कंबरदुखीत हाताने केलेला उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावा, असे ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ साली सांगितले; जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचनांतही जुनाट कंबरदुखीसाठी मणक्यावरील हस्तोपचाराला व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांच्या बरोबरीने स्थान आहे. लघवी-शौचावरचा ताबा जाणे, पायातली ताकद कमी होणे, ताप, अकारण वजन घटणे, कर्करोगाचा पूर्वेतिहास यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णाला हात न लावता तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे. मंदीत रुग्ण गमावण्याची भीती वाटते म्हणून हा नियम कधीही सैल करू नये.

दुसरी पायरी : दिवे मोजावेत

महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, पूर्णत्वाची तारीख आणि किती सदनिकांची विक्री झाली हे पाहता येते. ते अवश्य पाहावे, पण तिथे थांबू नये. वाघोली, पुनावळे, रावेत, उंड्री अशा नव्या भागांत गुंतवणूक म्हणून घेतलेल्या सदनिका बाजार पडल्यावर ना विकल्या जातात ना भाड्याने जातात. कागदावर “विकलेली” इमारत संध्याकाळी अर्धी अंधारात असते. आठवड्यातल्या दोन वेगवेगळ्या दिवशी, रात्री आठ ते नऊच्या दरम्यान, जागेपासून चालत पंधरा मिनिटांच्या परिसरातील सोसायट्यांमधले दिवे मोजावेत. नंतर दूध टाकणारा, इस्त्रीवाला आणि सोसायटीचा वॉचमन यांच्याशी बोलून आकडा पडताळावा. किती घरांत रोज दूध जाते हे त्यांना कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा अचूक ठाऊक असते.

जुन्या भागांत वेगळी काळजी घ्यावी लागते. कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर येथे कर्जमुक्त घरांत राहणारी, निवृत्तिवेतनावर जगणारी कुटुंबे अधिक आहेत, त्यामुळे मंदीत हे भाग मला अधिक भरवशाचे वाटतात. पण अनेक सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या आहेत आणि तिथली कुटुंबे दोन-तीन वर्षांसाठी दुसरीकडे भाड्याने राहायला गेली आहेत. बाजार थंडावल्यावर असे प्रकल्प रेंगाळतात, मग ती कुटुंबे परत येण्याची तारीखही लांबते. आजूबाजूच्या कोणत्या सोसायट्यांनी विकसकाशी करार केला आहे, ते आधी विचारून घ्यावे. शिवाय वयस्क रुग्णांमध्ये हाडांची ठिसूळता असण्याची शक्यता अधिक असल्याने जोरकस हस्तोपचार तिथे चालणार नाहीत. सौम्य हालचाल, व्यायाम आणि घरी जाऊन केलेली तपासणी यांवर उत्पन्न धरावे लागेल.

तिसरी पायरी : भाड्याचा करार

सुरुवातीच्या काळात मी सर्वांत जास्त झगडले ते याच टप्प्याशी, आणि आजही माझा बहुतेक वेळ यातच जातो. लोक भाड्याचा आकडा पाहतात, दोन हजार कमी करून घेतात आणि समाधानाने सही करतात. मंदीत आकड्यापेक्षा कराराची कलमे महत्त्वाची असतात, कारण या काळात अडचणीत येणारा पक्ष बहुधा जागामालकच असतो.

आधी मालक कोण आणि त्याच्यावर कर्ज किती, हे पाहावे. आपल्याकडे दुकाने आणि दवाखाने बहुधा लीव्ह अँड लायसन्सवर दिले जातात, आणि १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार अशा परवान्याने जागेत आपला कोणताही मालकी स्वरूपाचा हक्क निर्माण होत नाही. बिल्डरने न विकलेले दुकान बँकेकडे गहाण ठेवले असेल आणि हप्ते थकले, तर सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँक त्या जागेचा ताबा घेऊ शकते. आपण नियमित भाडे भरले होते, एवढ्याने बचाव होत नाही. म्हणून सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) पाहावी आणि गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाण ठेवल्याची निबंधकाला दिलेली सूचना, नोंदवली आहे का, हे शोधून पाहावे. गहाण असल्यास बँकेचे लेखी ना हरकत पत्र मागावे. “बँकेचे आम्ही पाहून घेतो” असे सांगणाऱ्या मालकाची जागा, ती कितीही मोक्याची असली तरी, घेऊ नये. भोगवटा पत्र आणि मंजूर नकाशातील व्यावसायिक वापर हेही याच बैठकीत तपासावे.

दुसरी बाब लॉक-इनची, म्हणजे ज्या काळात करार मोडता येत नाही त्या मुदतीची. छत्तीस महिन्यांचे दुतर्फी लॉक-इन हा नेहमीचा मसुदा असतो आणि तो जसाच्या तसा स्वीकारणे मला मान्य नाही. लॉक-इन फक्त मालकावर असावे: त्याने छत्तीस महिने आपल्याला काढू नये, आपण मात्र पहिल्या सहा महिन्यांनंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन निघू शकावे. चढत्या बाजारात ही अट कोणी ऐकूनही घेत नाही. दुकान कित्येक महिने रिकामे पडलेले असते तेव्हा मालक ती मान्य करतो. भाडे कमी करण्याचा आग्रह सोडावा लागला तरी चालेल, पण या अटीवरून मागे हटू नये. पहिले चोवीस महिने भाडेवाढ नसावी, आणि भाडे सहीच्या दिवसापासून सुरू न होता महावितरणचे व्यावसायिक मीटर आणि पाणी प्रत्यक्ष सुरू झाल्यापासून सुरू व्हावे, असे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. मिळकत कर मालकाने भरायचा आणि दर्शनी भागावर पाटी लावू द्यायची, ही दोन वाक्येही विसरू नयेत.

तिसरी बाब अनामत रकमेची, आणि इथे मी विशेष आग्रही आहे. मालक सहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागतात. तंगीतला मालक ती रक्कम आपल्या हप्त्यांत घालतो आणि आपण निघताना त्याच्याकडे परत द्यायला काही उरत नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त अनामत देऊ नये, आणि नोटिशीच्या काळातील भाडे अनामतीतून वळते होईल असे कलम घालावे, म्हणजे शेवटी मागण्यासारखी रक्कम कमीत कमी राहते.

चौथी बाब वस्तू व सेवा कराची. मालक नोंदणीकृत असेल तर व्यावसायिक भाड्यावर १८ टक्के कर लागतो. आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे त्या कराचा परतावा आपल्याला मिळत नाही. तो सरळ खर्चात जातो. उलट कायरोप्रॅक्टिक ही करकायद्यातील मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींमध्ये नावाने येत नाही, त्यामुळे आपली सेवा करमुक्त ठरते की करपात्र, हे आपल्या पदवीवर आणि सेवेच्या स्वरूपावर अवलंबून राहते. याचे उत्तर सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असताना उगाच नोंदणी करून घेऊ नये, कारण १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत भाडेकरूला नोंदणी नसलेल्या मालकाच्या व्यावसायिक भाड्यावरही स्वतः कर भरावा लागतो. करारात भाडे “सर्व करांसह” असे लिहून घ्यावे.

करार नोंदवणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. दरमहा ३५,००० रुपये भाडे, १,०५,००० रुपये अनामत आणि छत्तीस महिन्यांची मुदत धरली, तर ०.२५ टक्के दराने मुद्रांक शुल्क सुमारे ३,२३० रुपये येते. एवढ्यासाठी नोटरीचा कागद पुढे करणाऱ्याशी व्यवहार करू नये.

चौथी पायरी : दिवसाला किती रुग्ण लागतील ते काढावे

उदाहरणादाखल असा दवाखाना धरू: भाडे ४५,००० आणि त्यावरील कर ८,१००, स्वागतकक्षातील व्यक्ती १८,०००, सहायक फिजिओथेरपिस्ट ३०,०००, वीज-इंटरनेट-चादरी-साहित्य १२,०००, देखभाल ४,०००, कर्जाचा हप्ता १५,००० आणि घरखर्चासाठी स्वतःचे ६०,०००. एकूण १,९२,१०० रुपये. एका बैठकीची फी ८०० रुपये असेल तर महिन्याला २४१ बैठका लागतात, म्हणजे पंचवीस दिवसांत रोज जवळपास दहा. जागा वस्तू व सेवा कराची नोंदणी नसलेल्या मालकाकडून ३५,००० रुपयांत मिळाली तर खर्च १,७४,००० वर येतो आणि बैठका २१८ पुरतात. आता रुग्ण एक तृतीयांशाने घटले असे धरून हेच गणित पुन्हा मांडावे आणि येणारी तूट किती महिने भरता येईल ते पाहावे. हाताशी किमान सहा महिन्यांचा खर्च नसेल तर सही लांबणीवर टाकावी. अनेक जण या तक्त्यात स्वतःचा घरखर्च लिहितच नाहीत; तसा तक्ता निरुपयोगी असतो.

पाचवी पायरी : पॅकेज

चोवीस बैठकांची पॅकेजेस आगाऊ पैसे घेऊन विकावीत, हा सल्ला मला अत्यंत घातक वाटतो. ती रक्कम उत्पन्न नसून रुग्णाचे आपल्यावरील देणे असते. ती भाड्यात खर्च झाली आणि दवाखाना बंद करायची वेळ आली, तर परत कुठून देणार? शिवाय नुकतीच सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांत काही आठवड्यांत कमी होते. अशा रुग्णाला चोवीस बैठका विकणे मला गैर वाटते. सहा बैठकांहून मोठे पॅकेज ठेवू नये, आगाऊ रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवावी आणि बैठक झाल्यावरच आपल्या खात्यात वळवावी.

सहावी पायरी : साहित्य

उपचाराचे एक चांगले टेबल पुरते, आणि मंदीत सुस्थितीतली जुनी टेबले मिळतात. एक्स-रे यंत्र मुळीच घेऊ नये. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते आणि साध्या कंबरदुखीत सरसकट एक्स-रेची गरजही नसते.

सातवी पायरी : बाहेर पडण्याची रेषा

उघडण्याआधीच एक आकडा लिहून ठेवावा: लागोपाठ तीन महिने बैठका चौथ्या पायरीत काढलेल्या किमान संख्येच्या साठ टक्क्यांखाली राहिल्या, तर नोटीस द्यायची. हा कागद घरातल्या एका माणसाला आणि लेखापालाला दाखवून ठेवावा, म्हणजे आणखी एक महिना पाहू असे वाटू लागेल तेव्हा विचारणारे कोणीतरी असेल. नोटीस हातपोच देऊन सही घ्यावी किंवा स्पीड पोस्टाने पाठवावी, त्याच दिवसापासून नवीन पॅकेज देणे थांबवावे, चालू रुग्णांच्या उरलेल्या बैठका पूर्ण कराव्यात किंवा पैसे परत करावेत, आणि प्रत्येकाला त्याच्या तपासणीच्या नोंदींची प्रत द्यावी.