मोठा घडीचा चाकू घेताय? या चुका टाळा

पातं पाच इंचांच्या आसपास पोचलं की घडीचा चाकू खिशात ठेवायची वस्तू राहत नाही. लोक मात्र तो खिशातली वस्तू समजूनच घेतात, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. इंदूरमध्ये या गोष्टीचे हौशी कमी नाहीत. पावसाळा संपला की पाताळपाणी, जानापाव, चोरल अशा सहली निघतात, दाल-बाफल्याचा बेत ठरतो, आणि ग्रुपमधला एक जण तरी "भिया, हे बघ" म्हणत फूटभर लांब चाकू उघडून दाखवतो. सगळे पातं बघतात. बघायचा असतो तो सांधा.

माझं मत आधीच सांगतो: मोठ्या घडीच्या चाकूत पातं हा सगळ्यात कमी काळजीचा भाग आहे. तो कायद्यात अडकतो लांबीमुळे, हातात दगा देतो लॉकमुळे (उघडलेलं पातं जागेवर अडवून धरणारी सोय) आणि घरी पडून राहतो मुठीमुळे.

नऊ इंचांवर विसंबून राहणं

इंटरनेटवर थोडंफार वाचलेल्या माणसाला एक आकडा पाठ असतो: नऊ इंच. तो खोटा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत (आताचे नियम 2016 चे) नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. पण आपण मध्य प्रदेशात राहतो. इथे 22 नोव्हेंबर 1974 ची राज्याची वेगळी अधिसूचना आहे आणि तिच्यातला आकडा सहा इंचांचा आहे. सहा इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं धारदार हत्यार सार्वजनिक जागी बाळगणं तिच्या कक्षेत येतं. स्प्रिंगने उघडणाऱ्या चाकूला तर लांबीची सूटच नाही, पातं कितीही छोटं असो. गुन्हा दाखल होतो तो शस्त्र कायद्याच्या कलम 25 खाली, आणि त्यात तुरुंगवास आहे.

या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात नेमके तेच चाकू येतात ज्यांची हौस सगळ्यात जास्त. फ्रान्सच्या ओपिनेल कंपनीचा तेरा नंबर घ्या. त्याचं पातं 22 सेंटीमीटर, म्हणजे साडेआठ इंचांहून थोडं जास्त. नऊच्या आत, सहाच्या बाहेर. अमेरिकेच्या कोल्ड स्टीलच्या एस्पाडाचं सगळ्यात मोठं मॉडेल साडेसात इंचांचं, तेही तसंच. त्याच कंपनीचा मोठा व्हॉयेजर साडेपाच इंचांचा आहे, तो रेषेच्या आत बसतो.

ऑर्डर देण्याआधी पट्टी घ्या. सहा इंच म्हणजे 15.24 सेंटीमीटर. वेबसाइटवर कधी उघडल्यानंतरची एकूण लांबी लिहिलेली असते, कधी फक्त धार लावलेल्या भागाची. तुम्हाला हवं ते माप मुठीच्या पुढच्या कडेपासून टोकापर्यंतचं. रुंदी कोणीच मोजत नाही, आणि हल्ली सत्तुरासारख्या चौकोनी पात्याचे घडीचे चाकू निघालेत, त्यांना रुंदीचाच घोळ होऊ शकतो.

आता साडेपाच इंच म्हणजे परवाना मिळाला, असंही नाही. 2021 च्या डिसेंबरपासून इंदूरला पोलीस आयुक्तालय आहे. सणासुदीला किंवा वातावरण तापलं की मनाई आदेश निघतात आणि त्यांत हत्यारं बाळगण्यावरही बंदी असू शकते. रंगपंचमीच्या गेरमध्ये राजवाड्यावर किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघायला जाताना कमरेला चाकू लावून जाणाऱ्याला कुठलाही वकील "फळं कापायला नेला होता" म्हणून सहजी सोडवू शकणार नाही. पुण्या-मुंबईच्या लग्नाला जाताना बॅगेत पडून राहिला, तर तिथे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 चे मनाईहुकूम वरचेवर लागू असतात. विमानात तो हातातल्या बॅगेत चालतच नाही; सोबत न्यायचाच असेल तर चेक-इन सामानात, गुंडाळून. "ऑनलाइन मिळतो म्हणजे चालत असणार" हा युक्तिवाद तर ऐकूनसुद्धा घेऊ नका. विकणाऱ्याचं गोदाम कुठल्या राज्यात आहे याच्याशी तुमच्या चौकातल्या हवालदाराला काही देणंघेणं नाही.

खटक्याचा मोह

आपल्याकडे मोठा घडीचा चाकू म्हटला की रामपुरी आठवतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरला त्याचा इतका अभिमान की 2023 मध्ये तिथे एका चौकात वीस फुटी चाकूच उभारला. जुन्या हिंदी सिनेमातल्या त्या "खट्" आवाजाने दोन पिढ्या वेड्या झाल्या. स्पेनच्या नवाहा चाकूचंही तेच: उघडताना दात्यांवरून सरकत तो कर्रकर्र वाजतो, आणि त्या आवाजासाठीच लोक तो घेतात.

आवाज ऐकायचा तर घरी ऐका. वर सांगितलंच की मध्य प्रदेशात स्प्रिंगचा चाकू कितीही लहान असला तरी बाहेर न्यायचा नाही. यात एक बारकावा आहे. काही आधुनिक चाकूंत बाजूला बटण असतं, पण ते पातं उघडायला नसतं, उघडलेलं पातं सोडवायला असतं. उघडायचं काम हातानेच करायचं. तांत्रिकदृष्ट्या ते वेगळं आहे. पण रात्री दीड वाजता सराफ्यातून जिलबी खाऊन परतताना नाकाबंदीवर हा फरक समजावून सांगायची कल्पना करून बघा. अंगठ्याने किंवा नखाच्या खाचेने उघडणारा, बटण नसलेला साधा चाकू घ्या.

पातं मोजलं, मूठ मोजलीच नाही

घडीच्या चाकूत पातं मुठीत मावायला हवं, म्हणून मूठ नेहमी पात्यापेक्षा लांब. एवढी साधी गोष्ट पार्सल उघडल्यावर लक्षात येते. साडेसात इंची एस्पाडा उघडल्यावर जवळपास सतरा इंच होतो आणि मिटल्यावरही सव्वानऊ इंचांचा दांडका उरतो. ओपिनेलचा तेरा नंबर मिटलेला 28 सेंटीमीटर आहे. तो कुठल्याच पँटच्या खिशात जात नाही. व्हॉयेजरसारखा मिटल्यावर पावणेसात इंच असलेला चाकू जातो, पण ॲक्टिव्हावर बसलात की जांघेत रुततो.

खिशात ठेवणाऱ्यांनी एक तपासणी आवर्जून करावी. मिटलेला चाकू पातं खाली उघडेल असा धरून, बोटं दूर ठेवून, टेबलावर दोन-चार जोरदार हिसके द्या. पातं किंचितही बाहेर आलं तर तो खिशाच्या कामाचा नाही. मोठं पातं जड असतं. रस्त्यावरच्या खड्ड्यात त्याला आपोआप हिसका बसतो आणि टोक बाहेर आलं की पुढचा हात तुमचाच आत जातो. ओपिनेलच्या मुठीच्या तोंडावरची फिरती कडी इथे कामाला येते. 1955 पासून ती उघडलेलं पातं अडवते आणि 2000 पासून मिटलेलंही. गंमत म्हणजे या बाबतीत सगळ्यात साधा दिसणारा चाकूच सगळ्यात निर्धास्त आहे.

आणखी एक: मिटलेल्या चाकूच्या उघड्या बाजूवरून कापसाचा बोळा फिरवा. धागे अडकले तर टोक किंवा धार मुठीबाहेर डोकावते आहे. असा चाकू परत करा, घासत बसू नका.

लॉकवर विश्वास टाकण्याआधी

इथे थोडा वेळ थांबतो, कारण बोटं जातात ती इथेच.

14 सेंटीमीटर पात्याच्या टोकावर जेवढा जोर द्याल, तेवढाच जोर 8 सेंटीमीटर पात्याच्या टोकावर दिला तर सांध्यावर पडणाऱ्या पिळात पावणेदोन पटींचा फरक पडतो. स्वस्त कंपन्या काय करतात, तर छोट्या चाकूचाच सांधा, तोच बारीक पिन आणि तीच पातळ पट्टी ठेवून वर लांब पातं बसवतात. फोटोत काहीच कळत नाही. हातात घेतल्यावर पातं डुलतं.

लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते. फ्रेम लॉकमध्ये मुठीचीच एक बाजू तसं काम करते, म्हणून ती जाड असते. बॅक लॉकमध्ये पाठीवरची दांडी खाचेत बसते. कोल्ड स्टीलच्या मोठ्या चाकूंत अँड्र्यू डेम्को यांनी आखलेला ट्राय-ॲड लॉक असतो. त्यात पातं आणि दांडी यांच्यामध्ये एक पिन असल्याने जोर दांडीऐवजी पिनवर जातो. लांब पात्याला बॅक लॉक, ट्राय-ॲड किंवा कडी घ्यावी, पातळ लायनर लॉक शक्यतो टाळावा, असं मी म्हणेन. साडेतीन इंची चाकूत लायनर लॉक उत्तम चालतो. साडेपाच इंचांना तो कमी पडतो.

चाकू आल्यावर सावकाश उघडा. लायनर किंवा फ्रेम लॉकची पट्टी पात्याच्या बुडाच्या रुंदीवर पाव ते अर्धी सरकलेली असावी. पार पलीकडच्या भिंतीला टेकली असेल तर ती झिजलेली आहे किंवा मुळातच चुकीची बसवलेली आहे.

मग पातं धरून हलवा. डावी-उजवीकडे हलत असेल तर सांध्याचा स्क्रू सैल आहे; थोडा आवळा, काम झालं. वर-खाली हलत असेल तर दोष लॉकचा आहे आणि तो स्क्रूने जात नाही. सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. लोक वर-खालीचा खेळ बंद करायला स्क्रू आवळत राहतात, शेवटी पातं अडकतं, उघडेनासं होतं, आणि खेळ तसाच राहतो. असा चाकू बदलून घ्या.

व्हिडिओंमध्ये चाकूची पाठ टेबलावर आपटून लॉक तपासतात. ते करू नका. चांगला लॉकही त्याने बिघडतो. पात्याच्या वाटेत बोट येणार नाही अशी मूठ धरून, पाठीवर दुसऱ्या तळहाताने हळूहळू दाब द्या, तेवढं पुरे. आणि नारळ फोडणं, पात्यावर लाकूड ठोकून फाटे चिरणं, पत्र्याचा डबा उचकटणं ही घडीच्या चाकूची कामं नाहीत. घरात कोयता आहे ना?

घरी आल्यावरच्या कुरबुरी

स्क्रू टॉर्क्सचे असतात, सहा टोकांच्या चांदणीचे. सियागंजात "स्टार" मागाल तर दुकानदार फुलीचा पेचकस देईल, आणि तो लावलात की स्क्रूचं डोकं गेलंच म्हणून समजा. जेल रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे टी-6, टी-8 चे बिट असतात. स्क्रू वारंवार सैल होत असेल तर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) अगदी थेंब, तोही फक्त आट्यांवर. वॉशरवर गेला तर सांधा चिकटतो. लाल लॉकटाइट नको, मग स्क्रू तापवल्याशिवाय सहसा निघत नाही.

तेलाच्या बाबतीत घराघरांत एकच घोटाळा: स्वयंपाकघरातलं तेल. शेंगदाण्याचं किंवा सरसोंचं तेल काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं. खोबरेल तर 24 अंशांच्या खाली गोठतं, आणि इंदूरच्या डिसेंबरात सकाळी सांधा उघडायला जाल तेव्हा ते कळेल. शिलाई मशीनचं तेल एक थेंब पुरतं. चाकूने खायच्या वस्तू कापत असाल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या.

लाकडी मुठीचे चाकू जुलै-ऑगस्टात फुगतात आणि पातं निघत नाही. नखाने ओढत बसलात तर नख जाईल. फ्रान्समधल्या सावोयच्या डोंगराळ भागातली जुनी युक्ती अशी की मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठोकायचं, पातं आपसूक थोडं वर येतं. मग चाकू उघडा ठेवून पंख्याखाली वाळवा. उन्हात नाही, लाकूड तडकतं. वाळल्यावर सांध्याजवळच्या लाकडाला अळशीचं तेल लावलं की पुढच्या पावसाळ्यात त्रास कमी होतो.

धारेत एकाच जागी बोथटपणा येतोय? पातं मिटताना आतल्या पिनवर किंवा मधल्या पट्टीवर आपटत असेल. धारेवर मार्करने रेघ ओढा, हळू मिटा, उघडा. शाई पुसलेली जागा सापडेल. मोठं पातं झटक्याने मिटायची सवय हे बहुधा कारण असतं.

गंज हा कार्बन स्टीलचा प्रश्न. कैरी, लिंबू, टोमॅटो कापून तसाच ठेवला की डाग पडतात. निळसर-राखाडी छटा आली तर बिघडलं नाही, ती राहू द्या. तांबूस खरखरीत डाग मात्र लगेच घासून काढा. कायम चामड्याच्या म्यानात ठेवणं हेही गंजाचं आमंत्रण, चामडं ओल धरतं. वरून लाटांची नक्षी दिसते म्हणून "दमास्कस" (थरांचं नक्षीदार पोलाद) समजून दुप्पट पैसे देणाऱ्यांनी पोलादाचं नाव आणि हार्डनेस विचारावा. विकणारा दोन्ही सांगू शकला नाही, तर ती नक्षी बहुधा ॲसिडची किंवा छापाची आहे.

दारावर येणाऱ्या सायकलवाल्या धारवाल्याकडे देऊ नका. विळीला त्याचं चाक ठीक आहे, पण कोरड्या चाकावर पातळ धार इतकी तापते की कडेला निळा रंग येतो. म्हणजे तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं आणि तिथलं पोलाद नरम पडलं. ती कड पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. निसणा घ्या, पाणी टाका, पातं दर बाजूला पंधरा ते वीस अंशांच्या कोनात धरा. आतल्या बाजूला वळलेलं, लाटेसारखं पातं सपाट निसण्यावर नीट लागत नाही, हे निवडतानाच लक्षात घ्या. 

मग घ्यायचा कुठला? सहलीला फळं, पाव, दोर, भाजी यांसाठी ओपिनेलचा बारा नंबर मला पुरेसा मोठा वाटतो: 12 सेंटीमीटर पातं, कडी, स्प्रिंग नाही, सहा इंचांच्या बरंच आत. गाडीच्या सामानात, डब्यांच्या पिशवीत जातो. मोठं टरबूज मात्र दोन्ही बाजूंनी कापावं लागतं.