गोव्यात पाळक (पास्टर) व्हायचंय? मग अर्पणाच्या पेटीला हात लावू नका

बायबलमधल्या १ तीमथ्य ३ मधली, मंडळीच्या (चर्चच्या) पुढाऱ्याच्या गुणांची यादी पुन्हा एकदा सावकाश वाचा. सौम्य, अतिथिप्रिय, घर नीट चालवणारा, बाहेरच्यांत नाव चांगलं असलेला. कौशल्य म्हणावं असं त्यात एकच, शिकवण्यात निपुण. बाकी सगळी वागणूक. त्यामुळे संदेश (प्रवचन) रंगला म्हणजे पाचारण, देवाचं बोलावणं, झालं, असं धरून चालू नका. अंत्युखियात बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांनाही मंडळीनेच हात ठेवून पाठवलं होतं. तीन महिन्यांचं ऑनलाइन प्रमाणपत्र भिंतीवर टांगायला ठीक आहे. त्यापेक्षा तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणणारा मंडळीतला एखादा म्हातारा वडील (ज्येष्ठ पुढारी) शोधा.

आता पैसे. चांगली माणसं इथेच अडकतात, आणि लोभामुळे नाही, घाईमुळे. मंडळी वीस जणांची, बँकेत खातं नाही, म्हणून पाळक स्वतःच्या नंबरचा क्यूआर कोड भिंतीवर चिकटवतो. दशांश (लोकांनी दिलेला उत्पन्नाचा दहावा भाग) आणि घरचा गॅस एकाच खात्यातून. वर्षभराने कोणी सहज विचारलं, तर प्रामाणिक माणसालाही उत्तर देता येत नाही. शेजारच्या इगर्जीत, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये, हिशेब बघायला फाब्रिका (चर्चची समिती) असते, पाद्रीच्या मागे अख्खा धर्मप्रांत असतो. आपल्या स्वतंत्र मंडळीमागे कोणी नाही, वर 'बिलीव्हर्स' (कॅथलिक नसलेल्या नव्या मंडळ्यांतले) म्हणून लोकांचं लक्ष.

म्हणून पहिल्या रविवारपासून एका घरातले नसलेले दोघे पेटी उघडतील. नोटा तिथेच मोजायच्या, वहीत तारीख, रक्कम आणि दोघांच्या सह्या. सोमवारी भरणा. खातं मंडळीच्या नावाचं, पैसे काढायला दोन सह्या, त्यातली एकही तुमची किंवा बायकोची नको. खातं उघडेपर्यंत क्यूआर कोडच नको, रोख चालेल. यरुशलेमसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा पौलानेही तीताबरोबर आणखी दोन भाऊ पाठवले, कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८). पौलाला जे लागलं, ते आपल्याला लागणारच.

घाबरू नका, बाकीचं हळूहळू जमतं. पर्यटनाच्या सिझनमध्ये हॉटेलवाल्यांना रविवारची सकाळ मिळत नाही, त्यांच्यासाठी सोमवारी दुपारी बसा. आजाऱ्याकडे जाताना एखाद्या वडिलाला सोबत घ्या, याकोब ५:१४ मध्येही 'वडिलांना' बोलवा असंच आहे. एकट्या बाईच्या घरी एकट्याने जाणं नाहीच. लग्नाचं आलं, तर आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडचे कागद मागा. गोव्यातल्या कौटुंबिक कायद्याला १८६७ च्या पोर्तुगीज संहितेचा आधार आहे, बेळगावच्या पाळकाचा सल्ला इथे चालत नाही.

मानधन वडिलांनी ठरवावं आणि लिहून द्यावं. कामकरी मजुरीस योग्य आहे, मागायला लाजू नका. ते पुरत नसेल तर नोकरी सोडू नका. पौल करिंथात तंबू शिवत होता. फक्त वेर्ण्याच्या कारखान्यातली रात्रपाळी शनिवारी आली, तर रविवारचा संदेश कोण देणार ते शुक्रवारीच ठरवून टाका.